पहिल्या सामन्यानंतर उरलेला पाव हिस्सा

किंक्रांतीचा गुरुवार, दुपार. जबाबदार: स्पर्धा समिती. अंतिम मालिकेचा पहिला सामना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठेवण्याचा निर्णय तिचाच, आणि हरलेल्या संघाची "करिदिनाला असंच व्हायचं" अशी समजूत घालण्याचा उद्योगही तिचाच. जिंकलेला संघ त्या दिवशी कोणत्या पंचांगाप्रमाणे खेळत होता, याचा खुलासा समितीने अद्याप केलेला नाही.

त्याच गुरुवारची संध्याकाळ. जबाबदार: आमच्या सोसायटीचे सचिव. यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पुढच्या वर्षी नक्की!" असा संदेश टाकला आणि खाली जोडलेले हात. मालिका तीन सामन्यांची होती. झाला होता एक.

शुक्रवारची पहाट. जबाबदार: भोसरीचे एक हार्डवेअरचे व्यापारी, विजयी संघाचे आश्रयदाते. यांचा अपराध सर्वांत मोठा आहे, आकारानेसुद्धा. त्याकडे मी क्रमाने येतो.

रविवार. तक्रार नाही.

प्रजासत्ताक दिन. या दिवशी जे घडले त्याची जबाबदारी निश्चित करणे, हाच या लेखनाचा हेतू आहे.

वाचकांना माझी ओळख असण्याचे कारण नाही. पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात कामगार-संबंध विभागात मी उभी हयात काढली. संध्याकाळच्या वर्गांना बसून कायद्याची पदवी घेतली. सनद मात्र घेतली नाही. वकिली न करणारा पण कायदा जाणणारा मनुष्य शेजाऱ्यांना फार महाग पडतो, असे माझ्या पत्नीचे मत आहे. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. पदपथावरच्या टपऱ्यांविषयी लिहितो, वीजबिलावरच्या अनाकलनीय आकारांविषयी लिहितो, वर्तमानपत्रांतल्या चुकीच्या मथळ्यांविषयी लिहितो. त्यांतल्या काहींना उत्तरे येतात. बेसबॉलविषयी कधी लिहावे लागेल, असे मात्र मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आमची सून चाकणच्या एका जपानी मालकीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात अभियंता आहे. तेथे आलेल्या एका जपानी व्यवस्थापकाने स्टोअरच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवरचे गवत कापून घेतले, चार बेस मांडले आणि शिफ्ट सुटलेल्या लोकांना बेसबॉल खेळायला लावला. क्रिकेटवर वाढलेली माणसे ती. बॅट हातात घेतली की वाकून उभी राहत, आणि चेंडू टप्पा न पडता अंगावर येतो म्हणून रागावत. पण खेळ रुजला. चाकणहून तो भोसरीत पसरला आणि दरवर्षी थंडीत कारखान्या-कारखान्यांची स्पर्धा भरू लागली. संघात स्त्रियांना मज्जाव नाही. तरीही सगळ्या स्पर्धेत स्त्री एकच होती, आणि ती आमच्या घरात राहते.

ती जळगावकडची. महाविद्यालयात असताना सॉफ्टबॉल खेळत असे. लग्न झाले, मुलगी झाली, आणि तिचा चामड्याचा ग्लोव्ह आमच्या माळ्यावर गेला. जपानी व्यवस्थापकाच्या प्लॉटमुळे तो खाली उतरला. ती पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारी. या खेळात सामन्याचा अर्धा भार त्या एका माणसाच्या खांद्यावर असतो. तिचा खेळ पाहण्यासाठी मी घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन जाऊ लागलो. नियमपुस्तक मागवून घेतले आणि एखादा अधिनियम वाचावा तसे कलमागून कलम वाचले. सोपा झेल मुद्दाम सोडून दोघांना एकदम बाद करण्याची लबाडी क्षेत्ररक्षकाने करू नये, एवढ्यासाठी त्यात स्वतंत्र नियम आहे. लबाडीची कल्पना आधीच करून तिला दार बंद करणारा कायदा मला नेहमीच आदरणीय वाटत आला आहे. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानेच दिला नव्हता, हे मी येथे विनासंकोच नोंदवतो.

अंतिम मालिकेच्या आदल्या आठवड्यात जेवताना सून म्हणाली, "बाबा, या वेळी मालिका हरलो ना, तर थांबते मी. शिफ्ट, घर, पोरीची शाळा. आणि संघातही कुजबुज असतेच, बाईच्या हातात चेंडू कशाला म्हणून. जिंकलो तर त्यांचं तोंड बंद होईल. हरलो तर ग्लोव्ह परत माळ्यावर."

"माळ्यावर जागा नाही," माझी पत्नी म्हणाली. "तिथे ह्यांच्या पत्रांच्या फायली आहेत."

सगळे हसले. मी हसलो नाही. तिच्या शब्दांचा अर्थ मला अचूक कळला होता.

पहिला सामना भोसरीच्या संघाच्या मैदानावर, गुरुवारी, कारण तिकडे सुट्टी गुरुवारची. सामना बरोबरीचा चालला. शेवटच्या डावात त्यांचा सर्वांत दांडगा फलंदाज आला. हा व्यापाऱ्यांचा पुतण्या. अंगाने पहिलवान, तालमीतला. सुनेने त्याला अंगाजवळ चेंडू टाकला, त्याने तो उचलला, आणि चेंडू कुंपणापलीकडच्या भंगाराच्या दुकानावर जाऊन पत्र्यावर वाजला. एका धावेने आम्ही हरलो.

त्यानंतर मी जे पाहिले ते पराभवापेक्षा वाईट होते. आमचा कर्णधार लातूरकडचा, वेल्डिंग विभागातला, एरवी हसतमुख मनुष्य. तो बूट सोडता सोडता म्हणाला, "पहिलीच गेली की राव. आता काय राहिलं?" मागून कोणीतरी म्हणाले, "भावा, दोन सुट्ट्या मोकळ्या झाल्या म्हण." आणि सून ग्लोव्हमधली माती झटकत राहिली.

व्यापारी माझ्याकडे चालत आले. मैदानावर ते मला वकीलसाहेब म्हणतात. मी अनेकदा दुरुस्ती केली, उपयोग झाला नाही.

"वकीलसाहेब, कसं काय? झाली का न्हाई आमची भवानी?"

"एक सामना झाला आहे," मी म्हणालो.

"आवो, तेच. दुकानात सकाळची भवानी झाली का दिवस आपला. आमी चार पिढ्या बघतोय."

"भवानी झाल्यावर तुम्ही शटर ओढून घरी जाता काय?"

"न्हाई."

"मग काय करता?"

"गल्ल्यावर बसून हसतो," ते म्हणाले, आणि खरोखरच हसले. त्यांचे दात अतिशय चांगले आहेत.

आमचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याची गाडी नेहमीप्रमाणे तिथल्या कोंडीत अडकली होती, त्यामुळे तो पोचला तेव्हा बेससुद्धा उचलले गेले होते. सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, "पहिलाच ना? अजून दोन आहेत की." त्या संपूर्ण दिवसात उच्चारले गेलेले शहाणपणाचे ते एकमेव वाक्य होते, आणि ते सामना न पाहिलेल्या माणसाने उच्चारले.

घरी आल्यावर मी दिवाणखान्यात एक रुपयाचे नाणे घेऊन बसलो. सून चहा घेऊन आली.

"बस," मी म्हणालो. "दोन्ही संघ सारख्याच ताकदीचे आहेत, हे मान्य?"

"मान्य."

"मग उरलेल्या दोन सामन्यांचे निकाल चार प्रकारांनी लागू शकतात. दोन्ही आपण. दोन्ही ते. आधी आपण मग ते. आधी ते मग आपण. यांतला आपल्या कामाचा किती?"

"एकच. पहिला."

"चारातला एक. म्हणजे पहिला सामना जिंकून त्यांनी मालिकेचा पाऊण हिस्सा मिळवला आहे. पाव हिस्सा तुझा आहे. मालिका पाच सामन्यांची असती तर त्यांचा हिस्सा जरा उतरला असता, सातांची असती तर दोन तृतीयांशांवर आला असता. पण आहे ती तीनांची. ठीक. आता कायदा काय म्हणतो? सामायिक मिळकतीत पाव हिस्सा असलेल्या माणसाला पाऊण हिस्सेदार घराबाहेर काढू शकतो काय?"

"नाही काढू शकत?"

"वाटप होईपर्यंत त्याचा पायही हलवू शकत नाही! प्रत्येक खोलीत, प्रत्येक भिंतीत, अंगणातल्या प्रत्येक फरशीत त्याचा पाव हिस्सा असतो."

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाव किलो पेढ्यांत मी या इमारतीतल्या सगळ्यांची तोंडं गोड केली होती, ह्यांच्या निवृत्तीला. पाव म्हणजे काही थोडं नसतं गं."

सून हसली. गुरुवारी प्रथमच हसली. पण जाताना म्हणाली, "नाण्याला काय, बाबा. नाण्याला आपण आधी हरलोय हे माहीत नसतं. माणसाला माहीत असतं." मी नाणे खिशात ठेवले. बिनतोड युक्तिवाद मी सहसा विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कंपनीच्या बसपर्यंत पोचवायला मी चौकात गेलो आणि जागीच थबकलो. चौकाच्या कोपऱ्यावर, वाहतुकीच्या फलकाला अर्धा झाकून, दुमजली घराएवढा फ्लेक्स उभा होता. वर सोनेरी अक्षरांत: "बेसबॉल विजेतेपदाबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली डावीकडे व्यापारी स्वतः, गॉगलसह. उजवीकडे शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्यांतले बहुतेक जण मैदानाकडे फिरकलेही नव्हते. आणि मध्यभागी, पायापासून डोक्यापर्यंत, पहिलवान पुतण्या, बॅट उगारलेला. त्याच्यामागे दूरवर, बोटभर उंचीची, चेंडू टाकून वाकलेली आमची सून.

विजेतेपद! तीनांपैकी एका सामन्यानंतर! पाऊण हिस्सेदाराने संपूर्ण मिळकतीवर आपल्या नावाची पाटी ठोकली होती. शिवाय परवान्याचा क्रमांक कुठेही छापलेला नव्हता. शिवाय एका स्त्रीचे छायाचित्र तिच्या संमतीविना. संताप कोणत्या कलमापासून सुरू करावा हेच मला कळेना. सून मात्र वर बघत शांतपणे म्हणाली, "रंग चांगले आलेत," आणि बसमध्ये चढली. त्याच दिवशी दुपारी मी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात तक्रार दाखल केली आणि पोच घेतली.

रविवारी, चाकणच्या आमच्या मैदानावर, दुसरा सामना आम्ही जिंकला. तीन दिवसांत एकच पिचर पुन्हा वापरू नये असा स्पर्धेचा नियम असल्याने त्या दिवशी सुनेऐवजी पेंटशॉपमधल्या एका उंच मुलाने चेंडू टाकले. त्यांचाही मुख्य पिचर विश्रांतीवर होता. आम्ही भरपूर धावा केल्या. जपानी व्यवस्थापक सामन्यानंतर दोन्ही संघांना सारखेच वाकून नमस्कार करतात. त्या दिवशीही त्यांनी तेच केले. माझी पत्नी म्हणाली, "ह्या माणसाकडे बघून कोण जिंकलं ते कधीच कळत नाही. तुम्ही शिका जरा."

आता मालिका बरोबरीत होती. तिसरा सामना प्रजासत्ताक दिनी, देहूरोडजवळच्या एका तटस्थ मैदानावर. आमचा हिस्सा पावावरून अर्ध्यावर आला होता, आणि मी आनंदात असायला हवे होते. पण परतताना बसमध्ये कर्णधार त्या उंच मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गुण हाय याच्या हातात. पहिल्या मॅचला जे झालं ते झालं. आता लय बदलाबदल नको." सून पुढच्या बाकावर बसली होती. तिने ऐकले, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिल्या सामन्याचे खरे वजन मला त्या क्षणी कळले. निकालाच्या तक्त्यात ते एवढेसे होते आणि रविवारी फिटलेही होते. पण माणसांच्या मनात त्याचा शिक्का बसतो: हा हरणारा, ही हरणारी. एकेका पराभवाची किंमत दोन्ही संघांनी चुकती केली होती. आमच्या सुनेच्या नावावर मात्र ती अजून बाकी दाखवली जात होती.

मी घरी येताच कर्णधाराला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा हाती घेतला. सुनेने माझ्यासमोरून कागद उचलला.

"बाबा, माझ्यासाठी एकही पत्र लिहायचं नाही."

"मुद्देसूद असेल."

"म्हणूनच नको. तुमच्या पत्राने मिळालेली जागा माझी नसेल."

माझ्या आयुष्यात मला इतकी कठोर मनाई कोणी केली नव्हती. आणि ती सर्वस्वी न्याय्य होती.

सोमवारी सायंकाळी ती कामावरून आली ती जवळजवळ धावतच. "बाबा, चला. चौकात चला. आत्ताच्या आत्ता." माझ्या हातात चहा होता, तोही तिने ठेवायला लावला. फ्लेक्सखाली नेऊन तिने मला उभे केले आणि तिथेच पडलेल्या काठीचे टोक उंच करून पहिलवानाच्या पायावर टेकवले.

"हे बघा. पुढचा पाय."

"मोठा आहे."

"कुठे गेलाय तो बघा! चेंडू माझ्या हातून नुकताच सुटलाय. याचा पुढचा पाय माझ्याकडे यायला हवा सरळ. हा तर बाहेर उघडलाय, पार तिसऱ्या बेसकडे. म्हणजे याने आधीच धरून ठेवलं होतं की मी अंगाजवळ टाकणार. पाय बाजूला काढून जागा करून घेतली. आणि पाय असा उघडला ना, की लांबचा चेंडू पोचतच नाही, कितीही दांडगा असू दे. मैदानात मला हे दिसलंच नव्हतं. माझं लक्ष बॅटवर होतं."

मी फ्लेक्सकडे पाहिले. व्यापाऱ्यांच्या संघाने आपल्या सर्वोत्तम फलंदाजाचे मर्म, नामवंत छपाईवाल्याकडून, उत्तम रंगांत, दुमजली आकारात छापून आमच्या सुनेच्या बसथांब्यावर उभे केले होते. गोलंदाजाने दुर्बीण लावून पाहावे ते त्यांनी चौकात टांगले होते. जगात दुसऱ्या कुठल्या गावी पहिला सामना जिंकल्यावर लोक असे करतील, मला शंका आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र हे अटळ होते.

"उद्या बसला कर्णधार इथूनच चढतो," ती म्हणाली. "त्याला मी इथे उभं करून दाखवते. मोबाइलवर काही कळत नाही, पाय मुगाएवढा दिसतो."

तेव्हा मला आठवले. त्याच दुपारी परवाना विभागातून फोन आला होता: "काका, तुमच्या तक्रारीप्रमाणे उद्या सकाळी फ्लेक्स उतरवतो." मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले होते.

सून कपाळाला हात लावून फूटपाथवर बसली, आणि मग आम्ही दोघेही इतके हसलो की भेळवाला गाडा सोडून विचारायला आला.

मंगळवारी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. माझी पंचाईत तात्त्विक होती. बेकायदा फ्लेक्सला संमती देणे मला शक्य नव्हते. तसे केले असते तर माझ्या फायलींनी मला माळ्यावरून शाप दिला असता. म्हणून मी रात्री विचारपूर्वक अर्ज लिहिला होता: तक्रार मागे घेत नाही, केवळ तिच्या अंमलबजावणीस प्रजासत्ताक दिन उलटेपर्यंत स्थगिती मागत आहे, कारण, कौटुंबिक निकड.

टेबलामागच्या बाईंनी तो दोनदा वाचला. "काका, फ्लेक्स काढा म्हणून रोज अर्ज येतात. राहू द्या म्हणून फ्लेक्सवाल्यांचे फोन येतात. ज्यांनी काढा म्हणून तक्रार केली तेच राहू द्या म्हणताहेत, हे मी पहिल्यांदाच बघतेय. तुमचा कोणी आहे का त्या फ्लेक्सवर?"

"आहे. मागे. लहान आहे."

"कोण?"

"सून."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "तक्रार कुठे जात नाही, पण गाडी एकच आहे आणि आधी बाकीचे चौक आहेत," त्या म्हणाल्या. "फ्लेक्स काय कमी आहेत का? तुमचा शेवटी येईल. आणि सुनेला सांगा, मीही शाळेत खो-खो खेळायचे."

मी तडक चौकात आलो. बस त्या दिवशी उशिराने यायची होती. फ्लेक्सखाली सून आणि कर्णधार मान वर करून उभे होते, आणि कर्णधाराचे तोंड उघडे होते.

"आयला, ताई! पाय तर पार गावाला गेलाय की ह्याचा!"

"लांब टाकायचा. बाहेरच्या कोपऱ्यावर. आणि खाली."

"आन् तो पोरगा टाकंल का कोपऱ्यावर?"

सून फ्लेक्सकडेच बघत राहिली. ती माझी सून आहे. साक्षीदाराच्या तोंडचे उत्तर आपण देऊ नये हे तिला कळते. कर्णधाराने स्वतःच मान हलवली. "न्हाई टाकायचा. त्याचा जोर हाय, पर नेम तुझा हाय. पहिल्या मॅचला एक बॉल चुकला म्हणून आपण उगाच... जाऊ दे. तूच टाक, ताई." मग माझ्याकडे वळून, "काका, ह्यो फ्लेक्स काढायला लावू नका बरं का. तुमची लय भीती वाटते."

"व्यवस्था झालेली आहे," मी म्हणालो.

प्रजासत्ताक दिनी सकाळी सोसायटीत झेंडावंदन झाले, जिलेबी झाली, आणि सचिवांनी मला टाळले. दुपारी देहूरोडच्या मैदानावर दोन्ही बाजूंची गर्दी जमली. मुलगा या वेळी घरूनच आमच्याबरोबर निघाला होता. पत्नी आयुष्यात पहिल्यांदा सामना पाहायला आली. बसायला सतरंजी, खायला तिळाच्या उरलेल्या वड्या.

पहिलवान पहिल्यांदा आला. सुनेने चेंडू बाहेरच्या कोपऱ्यावर टाकला. त्याचा पाय उघडला, बॅट फिरली, आणि चेंडूच्या वीतभर अलीकडून गेली. तीनदा असेच. या खेळात तीन योग्य चेंडू हुकले किंवा सोडले की फलंदाज बाद. दुसऱ्यांदा त्याने अंग ताणून चेंडूला बॅट कशीबशी लावली. चेंडू घरंगळत पहिल्या बेसवरच्या आमच्या माणसाच्या हातात गेला. व्यापारी उभे राहून ओरडत होते, "आरं, मार की! फ्लेक्स छापलाय तुझा!"

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, पण दोन खेळाडू बेसवर पोचले होते. एक फटका बसला असता तर दोघेही घरी, म्हणजे फलंदाजासमोरच्या प्लेटवर परत, आले असते आणि मालिका गेली असती. आणि खेळायला आला पहिलवान.

"अहो," पत्नी म्हणाली, "तुमचा हात काढा. माझं मनगट मोडेल."

पहिला चेंडू बाहेर. पहिलवानाने तो असा हाणला की मी उठून उभाच राहिलो. चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला, म्हणून धाव नाही; असा फटका हुकलेल्या चेंडूतच मोजतात. पण कुठे लागला ते सगळ्यांनी पाहिले. त्याला कळले होते. पाय उघडला नव्हता. तो प्लेटच्या अगदी कडेला सरकून, बाहेरच्या कोपऱ्याची वाट बघत उभा होता.

कर्णधार लांबून खुणा करत होता: आणखी बाहेर, आणखी बाहेर. सूनबाईने टोपी सारखी केली आणि पहिलवानाच्या पायांकडे नुसते पाहिले.

पुढचा चेंडू तिने अंगाजवळ टाकला. अगदी तोच, जो पहिल्या सामन्यात पत्र्यावर वाजला होता. पहिलवान दचकून मागे झाला; पंचांचा हात वर गेला. दोन. तिसरा चेंडू आता बाहेर येणार याची सगळ्या मैदानाला खात्री होती. पहिलवान तर त्या दिशेला झुकलाच. तिने पुन्हा अंगाजवळ टाकला. त्याची बॅट खांद्यावरच राहिली. चेंडू आमच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजला, आणि पंचांनी हात उचलण्याआधी माझी पत्नी सतरंजीवर उभी राहून ओरडली, "आउट! अरे आउट आहे तो!" तिला एकही नियम माहीत नाही.

नंतरचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. कर्णधार नाचत होता. जपानी व्यवस्थापकांनी दोन्ही संघांना नेहमीसारखाच नमस्कार केला, मात्र सुनेसमोर ते जरा जास्त वेळ वाकून राहिले असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. उंच मुलाने सुनेला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि तिने त्याला दटावले. नात तिच्या गळ्यात पडली. घामाने निथळत सून माझ्याजवळ आली, थर्मासमधला चहा झाकणातून प्याली आणि म्हणाली, "बाबा, येत्या रविवारी सकाळी सराव आहे. नवीन फलंदाज तयार करायचेत. तुम्ही येणार ना?"

माळ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, त्यानंतरही निघालेला नाही.

मैदानाबाहेर जिलेबीच्या गाड्यावर व्यापारी भेटले. त्यांनी मला स्वतःच्या हाताने जिलेबी भरवली आणि सुनेला म्हणाले, "पोरी, लय भारी टाकलास. आमच्या पहिलवानाला झोपवलंस." मग माझ्या कानाशी येऊन, "वकीलसाहेब, चुकलंच जरा. घाई झाली."

"हे चौकात सांगाल का?"

"बघू की," ते म्हणाले, आणि दुसरी जिलेबी माझ्या तोंडात कोंबली. मनुष्य म्हणून मला ते आवडतात. पण हा मुद्दा आवडीनिवडीचा नाही.

पहिला सामना जिंकणे निरर्थक आहे, असे माझे म्हणणे कधीही नव्हते. पाऊण हिस्सा हा मोठा हिस्सा आहे आणि तो कमावणाऱ्याचा सन्मान व्हायला हवा. परंतु त्या सामन्यानंतर माझ्या सुनेचा उरलेला पाव हिस्सा सर्वांनी मिळून नाकारला. समितीने पंचांगाने नाकारला, सचिवांनी जोडलेल्या हातांनी नाकारला, आणि व्यापाऱ्यांनी भर चौकात, हजारो लोकांच्या देखत, सोनेरी अक्षरांत नाकारला. पहिल्या दोघांना मी माफ केले आहे. तिसऱ्यांनी मात्र जाहीर विधान केले होते, आणि जाहीर विधानाची दुरुस्ती जिलेबीच्या गाड्यावर, कानात होऊ शकत नाही.

म्हणून मी भोसरीच्या सदर व्यापाऱ्यांना या लेखाद्वारे एकच प्रश्न विचारतो: तीन सामन्यांच्या मालिकेतला पहिला सामना जिंकणे म्हणजे मालिका जिंकणे होय काय? याचे उत्तर त्यांनी सर्वांसमक्ष, पुढच्या हंगामाचा पहिला चेंडू पडण्यापूर्वी, दोन्ही संघ मैदानात उभे असताना, मोठ्याने द्यावे. उत्तर "होय" किंवा "नाही" यांपैकी एक असावे. "बघू की" ग्राह्य धरले जाणार नाही.